तिकिटावरचं आडनाव

दादाचा फोन आला तेव्हा बारकी दातांच्या लॅबमध्ये एका कवळीला पॉलिश करत होती. फिरत्या चाकाच्या आवाजात तिला नीट ऐकू येईना, म्हणून ती चाक बंद करून जिन्यात आली. आई दवाखान्यात आहे हे तिला ठाऊक होतं. साधा खोकला आहे, असं दादाने सांगितलं होतं. आता तो म्हणाला की खोकला साधा राहिला नाही, दोन्ही फुप्फुसांत पाणी भरलंय, आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. बसने यायचं तर दीड दिवस जाईल, आणि तेवढा वेळ हातात आहे की नाही कोण सांगणार? उद्या सकाळच्या विमानाचं तिकीट तो स्वतःच काढून पाठवणार होता. तुम्ही दोघंही या, असं तो आधी म्हणाला. त्यावर ती म्हणाली, यांना रजा मिळायची नाही, मी एकटीच येते. हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की त्यासाठी तिला विचारही करावा लागत नसे.

खरं तर 'हे' आता तिचे कुणी नव्हते. त्याला तीन वर्षं होत आली होती.

नवरा वाईट नव्हता. हात उगारला नाही, पिऊन आला नाही. पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत होता, गावोगाव फिरायचा, आणि फिरता फिरता एका गावी त्याचा जीव गुंतला. एका रविवारी चहा पिता पिता त्याने ते सांगून टाकलं. बारकी भांडली नाही. दोघांचे कप उचलून तिने मोरीत नेऊन धुतले, आणि पुसायचं फडकं हातात घेऊन बराच वेळ तिथेच उभी राहिली. पुढे वर्षभरात घटस्फोटाचे कागद झाले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वाटून घ्यायला फक्त भांडी होती, तीही त्याने तिलाच ठेवली.

माहेरी सांगायचं राहून गेलं. आधी बाबा नुकतेच गेले होते, आई कोपऱ्यात बसून असायची. तिला जरा सावरू दे म्हणून थांबली. मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मग दादाच्या मुलीची मोठी परीक्षा आली. दर वेळी काही ना काही आडवं येत गेलं, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की आता बातमी शिळी झाली. शिळी बातमी सांगायला ताज्या बातमीपेक्षा जास्त धीर लागतो. आधी का नाही सांगितलंस, हा प्रश्न मूळ गोष्टीहून मोठा होऊन बसतो.

वेगळं होताना तिने नवऱ्याकडे एकच मागितलं होतं. आईला अधूनमधून फोन करत जा, पूर्वी करायचास तसा. आईचा जावयावर जीव होता. गुडघ्याचं दुखणं ती मुलाला सांगायची नाही, मुलीला सांगायची नाही, जावयाला सांगायची. त्याने शब्द पाळला. महिन्यातून एकदा तरी फोन करायचा आणि सासूचं सगळं ऐकून घ्यायचा. मात्र त्याला मुलगी झाली तसे फोन विरळ होत गेले. जावई आम्हाला विसरले वाटतं, असं आई म्हणू लागली. बारकीने सांगितलं की त्यांची बदली लांब झालीय, तिथे फोन लागत नाही.

तिने आपलं माहेरचं नाव परत घेतलं होतं, आणि त्याच नावाने पासपोर्ट काढला होता. लॅबमधली एक मैत्रीण परदेशात दातांच्याच कामावर गेली होती; ये इकडे, इथे कुणाला कुणाचं काही पडलेलं नाही, असं तिने कळवलं होतं. बारकीला ते फार बरं वाटलं. पण पासपोर्ट हातात पडेपर्यंत मैत्रीणच कंटाळून परत आली, आणि ते निळं पुस्तक कपाटात चादरींच्या खाली जाऊन पडलं. एकही शिक्का न बसलेलं.

आता तेच बाहेर काढावं लागलं. ओळखपत्र होतं ती पर्स गेल्याच महिन्यात बाजारात चोरीला गेली होती आणि नवं कार्ड अजून यायचं होतं. देशातल्या देशात जायला पासपोर्ट चालतो का, असं तिने लॅबच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, न चालायला काय झालं, तो तर सगळ्या कार्डांचा बाप. मग तिचा चेहरा बघून हसवायला म्हणाल्या, "पासपोर्ट दाखवून माहेरी जाणारी तू पहिलीच असशील."

संध्याकाळी दादाने पाठवलेलं तिकीट फोनवर आलं. तिने वेळ पाहिली, आणि मग नाव. तिचं नाव, मध्ये नवऱ्याचं नाव, पुढे सासरचं आडनाव. दादाने न विचारता, त्याला जे ठाऊक होतं तेच घातलं होतं.

तेव्हाच फोन करायला हवा होता. तिने दोनदा त्याचा नंबर काढला आणि दोनदा फोन खाली ठेवला. आईच्या उशाशी बसलेल्या माणसाला आता हे सांगायचं? फोटो आपला आहे, चेहरा आपला आहे, लग्न झालेल्या बाईची दोन आडनावं असायचीच, विमानतळावर रोज अशा शंभर बाया येत असतील, अशी तिने मनाची समजूत घातली आणि बॅग भरायला घेतली.

विमानतळाच्या काचेच्या दाराशी रांग होती. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं, मागे चाकाची बॅग ओढणारा एक घाईतला माणूस. दाराशी गणवेशातला एक जाडसर अधिकारी उभा होता. प्रत्येकाचं कार्ड आणि तिकीट घेऊन तो एकदा कागदाकडे, एकदा तोंडाकडे बघत होता, आणि मान हलवून आत सोडत होता. तिची पाळी आली. त्याने पासपोर्ट उघडला. तोंड बघितलं. तिकीट बघितलं. मग परत पासपोर्ट.

"ताई, हे तिकीट तुमचंच का?"

ती हो म्हणाली.

"फोटो जुळतोय. नाव जुळत नाही. मधलंही नाही आणि आडनावही नाही."

तिने सांगितलं की एक माहेरचं आहे, एक सासरचं. त्याने विचारलं, मग सासरच्या नावाचं काही कार्ड, लग्नाचा दाखला, काहीही? ती म्हणाली, नाही. तो वैतागला नाही. उलट आवाज खाली आणून म्हणाला की तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही, पण कागद दोन बायकांचे आहेत आणि समोर तुम्ही एकट्या उभ्या आहात. मला तसं सोडता येत नाही. विमान कंपनीच्या खिडकीवर जा, तिथे नाव बदलून मिळतं का बघा. मागच्या माणसाची बॅग तिच्या टाचेला लागली. ती रांगेतून बाजूला झाली.

खिडकीतली मुलगी वयाने लहान होती आणि गोड बोलत होती. एखादं अक्षर चुकलं असतं तर आम्ही इथेच दुरुस्त केलं असतं, ती म्हणाली, पण इतकं नाव बदलायचं म्हणजे आमच्या दृष्टीने प्रवासीच बदलला. ज्यांनी तिकीट काढलं त्यांनी हे रद्द करून नवीन काढायला हवं. या विमानात आता जागा नाही, दुपारच्यात आहे. त्यांना फोन लावता का?

बारकी एका खांबाच्या आडोशाला गेली आणि तिने दादाला फोन लावला.

त्याने पहिल्याच घंटीला उचलला. पोचलीस का आत, असं विचारलं. तिने सांगितलं की नाव जुळत नाही म्हणून अडवलंय. तो आधी चिडला, तिच्यावर नाही, विमानवाल्यांवर. त्याची मोटार शिकवायची शाळा होती. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून सूचना देण्याची त्याला सवय, त्यामुळे चिडला तरी तो सूचनाच द्यायचा. त्या माणसाला सांग, तिकिटावर सासरचं नाव आहे. बरोबरच आहे ते.

"तेच चुकलंय दादा."

"म्हणजे?"

"माझं आडनाव आता आपलंच आहे."

पलीकडे दवाखान्यातली एक ढकलगाडी कुरकुरत गेल्याचा आवाज आला.

"कधीपासून?"

"तीन वर्षं होतील."

तिला वाटलं, आता विचारेल. तिने सगळं बोलायचं ठरवून तोंड उघडलंही. पण तो म्हणाला, "पासपोर्टवर जसं आहे तसं सांग. अक्षर न् अक्षर."

तिने पासपोर्ट उघडला आणि आपलं नाव सांगितलं. मग मधलं नाव, बाबांचं. मग ती आडनावाची अक्षरं एकेक करून सांगू लागली. दोन अक्षरं झाली असतील नसतील.

"ते मला येतं," दादा म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

थोड्या वेळाने नवीन तिकीट आलं. सोबत एक शब्दही नव्हता. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. सकाळचं विमान गेलं असेल असं तिला मध्येच वाटलं. आपण काल एक फोन केला असता तर आता त्या विमानात असतो. आई राहिली नाही तर, हा विचार ती पुढे जाऊ देत नव्हती, पण तो कुठे गेलाही नव्हता. शेजारच्या बाईने तिच्याकडे पाण्याची बाटली केली तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय.

दुपारी ती परत त्याच दाराशी गेली. तोच अधिकारी होता. त्याने पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं, आणि म्हणाला, "आता जुळलं." मग तिच्या डोळ्यांकडे बघून त्याने विचारलं, कुणाचं काही बरंवाईट आहे का. आई, ती म्हणाली. त्याने पासपोर्ट दोन्ही हातांनी तिला परत दिला.

उतरल्यावर बाहेर दादा उभा होता. दाढी वाढलेली, शाळेची पाटी छतावर असलेली तीच गाडी घेऊन आलेला. आई आहे, एवढंच त्याने सांगितलं आणि तिची बॅग मागे टाकली. एरवी तो गाडी चालवताना रस्त्यावरच्या प्रत्येकाला नावं ठेवायचा. हा इंडिकेटर देत नाही, त्या बाईने क्लचवरचा पाय काढलाच नाही. आज एक रिक्षा अगदी अंगावर आली तरी त्याच्या तोंडातून ब्र निघाला नाही. बराच रस्ता गेल्यावर त्याने विचारलं,

"मारायचा का?"

"नाही."

"मग?"

"त्याला दुसरी कुणीतरी आवडली."

मला सांगितलं असतंस तर मी तिथे येऊन त्याला बघितलं असतं, असं दादा म्हणाला. ती म्हणाली, म्हणूनच नाही सांगितलं. हे अर्धंच खरं होतं, ते दोघांनाही कळलं.

आई खूप लहान दिसत होती. तिची कवळी काढून ठेवली होती, त्यामुळे गाल आत गेले होते आणि नाकावर ऑक्सिजनचा मास्क होता. ती कवळी बारकीनेच बनवलेली. आईच्या हिरडीचा प्रत्येक चढउतार तिच्या हाताला पाठ होता. ती कॉटच्या कडेला बसली आणि तिने आईच्या हनुवटीखाली हात धरला. आईने डोळे उघडले, तिला ओळखलं, आणि मग तिच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघितलं. मास्क जरा बाजूला करून ती काही बोलली. दात नसल्यामुळे शब्द पसरट आले, पण कळले.

"जावई नाही आले?"

इतकी वर्षं बारकीला ज्या थापा सहज सुचायच्या त्यातली एकही पुढे येईना. आणि तेवढ्यात मागून दादा म्हणाला,

"येतायत ना. एकच तिकीट मिळालं आजचं. ते उद्याच्या विमानाने येतायत."

आईने मान हलवली आणि डोळे मिटले. बारकीने वळून बघितलं. दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी आईने परत विचारलं. दादाने सांगितलं, धुकं आहे, विमानं उशिरा सुटतायत. वहिनी डबा घेऊन आली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, नणंदेकडे बघितलं, आणि काही न विचारता भाताची पेज चमच्याने ढवळत राहिली. आईने पेज घेतली नाही. तिचा श्वास आता लांबून येत असल्यासारखा येत होता. दुपारी डॉक्टर येऊन गेले आणि दादाला बाहेर घेऊन काही बोलले. तो परत आला तो बारकीला म्हणाला, "नंबर दे त्याचा."

तिने दिला. तो पॅसेजच्या टोकाला गेला. काचेतून ती त्याला बघत होती. आधी ताठ उभा होता, मग बोलता बोलता त्याचा मोकळा हात वर आला, आणि ती घाबरली की आता हा शिव्या देणार. पण तो हात त्याने कपाळावर धरला. नंतर कळलं, तो म्हणाला होता: मी तुमच्याशी भांडायला फोन केलेला नाही. आई तुमची वाट बघतेय. दोन शब्द बोला तिच्याशी, तुमच्या पाया पडतो.

आत येऊन त्याने फोन आईच्या कानाला लावला. पलीकडून ओळखीचा आवाज आला, जरा घोगरा. तो म्हणत होता, आई, मी निघालोय, वाटेतच आहे. गुडघा कसा आहे? आईचा चेहरा सैल झाला. तिने मास्क बाजूला करायला हात उचलला, पण तो पोचेना. बारकीने मास्क धरला.

"घाई करू नका," आई म्हणाली. "सावकाश या."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

आई त्यानंतर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, परिचारिका सलाइनची बाटली बदलत असताना, ती गेली. परिचारिकेच्याच आधी लक्षात आलं. तिने बाटली परत खाली ठेवली.

चार नातेवाईक आले, जावई कुठे म्हणून विचारलं, वहिनीने कुणाला काही, कुणाला काही सांगून वेळ मारून नेली. तो आला नाही. फक्त एक निरोप पाठवला होता, आईंना मी फसवलं, मला माफ करा. बारकीने तो दादाला दाखवला नाही.

सगळे पांगल्यावर एका दुपारी ती आईच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. दादा दारात येऊन उभा राहिला. इतके दिवस आवरून धरलेलं आता बाहेर येणार हे तिला त्याच्या उभं राहण्यावरूनच कळलं.

"आईचं मला काही नाही," तो म्हणाला. "आईला नाही सांगितलंस, बरं केलंस. पण मी? दर वेळी फोन ठेवताना मी तुला म्हणायचो, त्यांना नमस्कार सांग. तू म्हणायचीस, सांगते. मग फोन ठेवून काय करायचीस गं? हसायचीस मला?"

ती म्हणाली, नाही. हसायची नाही.

"मग?"

"थोडा वेळ बसून राहायची."

तुझ्या जागी कुणी परकं असतं तर मला एवढं लागलं नसतं, असं काहीसं दादा पुटपुटला आणि निघून गेला. बाहेर त्याच्या गाडीचं दार आपटल्याचं ऐकू आलं. त्या दिवशी त्याने शाळेत नसलेलं काम काढलं आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर परत आला. बारकी ठरल्यापेक्षा लवकर परत निघाली. वहिनीने अडवलं नाही. बॅगेत दोन चादरी घातल्या, आईच्या, आणि म्हणाली, त्यांना जरा वेळ द्या ताई.

वेळ पुष्कळ गेला. लॅबमध्ये काम साचलं होतं. मॅडमनी विचारलं तेव्हा तिने आईचं सांगितलं, आणि त्याच ओघात नवऱ्याचंही, पहिल्यांदाच, आडपडदा न ठेवता. त्या म्हणाल्या, मला अंदाज होता. एवढं सोपं होतं तर, असं तिला वाटलं, आणि त्याचंच तिला रडू आलं. घरी फोन केला की वहिनी बोलायची. दादा कामात आहे, दादा आताच बाहेर गेला. बारकी म्हणायची, असू दे.

अडीच-तीन महिन्यांनी एका संध्याकाळी बोलता बोलता वहिनी मध्येच थांबली, आणि फोनवर दादाचा आवाज आला. त्याने हवापाणी विचारलं, काम विचारलं. मग एकदम म्हणाला,

"एकटीच जेवतेस?"

"हो."

"किती वाजता?"

तिने सांगितलं. बरं, म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात ती ताट वाढून घेत होती तेव्हा फोन वाजला. दादाच होता. विशेष काही नाही, म्हणाला, मीही आत्ताच बसलोय जेवायला. तिने फोन ताटाशेजारी ठेवला आणि आवाज मोठा केला. त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं आणि तिच्याकडेही. त्याची वाटी सरकल्याचं ऐकू आलं, मग पाण्याचा पेला टेकवल्याचं. ती हळूहळू जेवत राहिली.